सांडपाण्यातील संप्रेरकसदृश रसायने कशी मोजायची: ठाणे-नवी मुंबईत नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

सांडपाण्याच्या प्रयोगशाळेत बीओडी, सीओडी (पाण्यातील सेंद्रिय घाणीच्या चाचण्या) करणाऱ्याचा हात मिलिग्रॅमला सरावलेला असतो. इथे, म्हणजे संप्रेरकांच्या कामात, मोजायचे ते नॅनोग्रॅममध्ये, आणि १ मिलिग्रॅममध्ये १० लाख नॅनोग्रॅम असतात. ही पातळी डोळ्यांपुढे आणायची तर 'माला-एन' ही गर्भनिरोधक गोळी घ्या. एका गोळीत ३० मायक्रोग्रॅम इथिनिलइस्ट्राडायोल (कृत्रिम इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-संप्रेरक) असते. आपल्याकडे सोसायटीत येतो तसा १०,००० लिटरचा टँकर, असे तीन टँकर भरून त्यात ही एक गोळी विरघळवली, तर लिटरला १ नॅनोग्रॅम होते.

एवढ्याशा मात्रेने काय बिघडते? कॅनडात एका तळ्यात सलग तीन वर्षे याच रसायनाची पातळी लिटरला ५ ते ६ नॅनोग्रॅम ठेवली गेली. तिथल्या छोट्या फॅटहेड मिनो माशांच्या नरांमध्ये मादीची लक्षणे दिसू लागली आणि त्यांची संख्या जवळजवळ संपली. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. युरोपीय संघाने २०१५ च्या निरीक्षण यादीत इथिनिलइस्ट्राडायोल लिटरला ०.०३५ नॅनोग्रॅमपर्यंत ओळखता यावे, इस्ट्रोन आणि इस्ट्राडायोल ०.४ पर्यंत, अशी अपेक्षा ठेवली. आपल्याकडे सांडपाणी प्रक्रिया केंद्रांच्या मानकांत बीओडी, सीओडी, टीएसएस (पाण्यात तरंगणारे घन कण), नत्र, स्फुरद, कोलिफॉर्म आहेत, पण संप्रेरके नाहीत. म्हणजे हे मोजमाप कोणी मागत नाही, आपणहून करायचे आहे. ठाण्याच्या कोपरीपासून नवी मुंबईतल्या नेरूळपर्यंतच्या वस्त्यांचे पाणी ज्या खाडीला मिळते, ती ठाणे खाडी २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). तिथे काय जाऊन मिळते हे कळलेच पाहिजे, असे आम्हाला ठामपणे वाटते.

या कामात कोट्यवधींचे उपकरण (एलसी-एमएस/एमएस: रसायने वेगळी करून त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणारे) शेवटी येते. आकडा खरा की खोटा हे त्याच्या खूप आधी ठरलेले असते: बाटलीत, हातमोज्यात, बर्फात आणि ब्लँकमध्ये (बाहेरून काही मिसळले का हे दाखवणारा शुद्ध पाण्याचा नमुना). म्हणून पुढे त्या भागावर जास्त लिहिले आहे.

काय मोजायचे

सुरुवातीला पाच-सहा रसायने पुरे. तीन नैसर्गिक संप्रेरके: इस्ट्रोन, १७-बीटा-इस्ट्राडायोल, इस्ट्रायोल. एक कृत्रिम: इथिनिलइस्ट्राडायोल. आणि दोन औद्योगिक, जी संप्रेरकाची नक्कल करतात: बिस्फेनॉल-ए आणि नोनिलफेनॉल.

नैसर्गिक तिन्ही माणसांच्या लघवीतून येतात, त्यामुळे कारखाना नसलेल्या निव्वळ रहिवासी भागातही ती सापडणारच. इथिनिलइस्ट्राडायोल गर्भनिरोधक गोळ्यांतून येते, पण सगळ्या गोळ्यांतून नाही. सरकारी 'छाया' ही आठवड्याची गोळी ऑर्मेलॉक्सिफेनची असते, तिच्यात स्टेरॉइड नसते. गोळ्यांच्या खपावरून अंदाज बांधणाऱ्याने हा फरक धरावा.

यादीत १७-अल्फा-इस्ट्राडायोलही ठेवा. गाई-म्हशींच्या मलमूत्रातून ते बाहेर पडते. नाल्याच्या वरच्या अंगाला तबेला असेल तर हमखास दिसते. त्याचे वस्तुमान आणि उपकरणात होणारे तुकडे बीटा प्रकारासारखेच असल्यामुळे उपकरणाला दोन्ही सारखेच दिसतात. कॉलमवर (उपकरणातली रसायने वेगळी करणारी नळी) ते वेगळे झाले नाही, तर तबेल्याचे इस्ट्राडायोल माणसांच्या खात्यात जमा होते.

कुठून आणि कधी घ्यायचे

नवी मुंबईतली मोठी केंद्रे एसबीआर पद्धतीची आहेत. म्हणजे टाकी भरते, हवा दिली जाते, गाळ बसतो आणि मग वरचे पाणी डिकँटरने ओतले जाते. बाहेर पडणारे पाणी अखंड वाहत नाही, पाळीपाळीने येते. ऑपरेटरकडून त्या दिवसाचे सायकल-वेळापत्रक घ्या. डिकँट सुरू झाल्यावर पहिली पाच-सात मिनिटे सोडून द्या, कारण तेव्हा वर तरंगणारी साय आणि गाळाचे कण येतात. नोनिलफेनॉलसारखे चिकट रसायन त्या कणांवरच बसलेले असते. मधल्या वेळातले पाणी घ्या.

क्लोरीन टाकीच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन नमुने घेतले तर उत्तम. एकच घ्यायचा असेल तर क्लोरीनच्या आधीचा घ्या. क्लोरीन संप्रेरकांच्या फेनॉल गटाशी अभिक्रिया करून नवी संयुगे बनवतो. ती आपल्या यादीत नसतात, त्यामुळे संप्रेरक नष्ट झाले की फक्त त्याचे रूप बदलले हे कळत नाही.

आत येणाऱ्या पाण्याचा एकच कॅन घेऊन काहीही सिद्ध होत नाही. सकाळी सात ते दहा आणि पहाटे तीन यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. २४ तास दर दोन तासांनी, असे १२ उपनमुने घ्या आणि प्रवाहाच्या प्रमाणात मिसळा. त्या दोन तासांत एकूण प्रवाहाच्या १२ टक्के पाणी आले असेल, तर १ लिटरच्या मिश्रणात त्या वेळचे १२० मिली. स्वयंचलित सॅम्पलर असेल तर त्याची सिलिकॉनची नळी शक्य तितकी आखूड ठेवा, बाकीची टेफ्लॉनची, कारण सिलिकॉन इस्ट्राडायोल शोषून घेतो.

खाडीत किंवा खाडीला मिळणाऱ्या नाल्यात घ्यायचे असेल तर भरती-ओहोटीचे कोष्टक आधी बघा. ओहोटीच्या शेवटच्या तासाभरात घेतले तर नाल्याचे पाणी मिळते. भरतीला समुद्राचे पाणी उलटे आत येऊन सगळे पातळ करते. उधाण आणि भांग यांतही फरक पडतो. दोन महिन्यांची तुलना करायची तर दोन्ही वेळा भांगाचाच दिवस धरा. क्षारतेची नोंद प्रत्येक वेळी करा. जून ते सप्टेंबरमधले आकडे मार्च-एप्रिलच्या शेजारी नुसते मांडू नका, सोबत प्रवाह द्या.

सुरक्षेबाबत एकदाच, पण स्पष्ट: चेंबरमध्ये किंवा वेटवेलमध्ये (पंपासाठी सांडपाणी साठवणारी विहीर) कोणीही उतरायचे नाही. स्टीलची कडीवाली बरणी दोरीने सोडा. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की त्याचा वास येणेच बंद होते, त्यामुळे 'वास येत नाही' हा भरवसा धरू नका. गॅस मीटर कमरेला हवा. पावसाळ्यात लेप्टोची भीती खरी असते. गमबूट, लांब हातमोजे, आणि पायावर जखम असेल तर त्या दिवशी जाऊ नका.

बाटली, झाकण, हात

१ लिटरच्या गडद तपकिरी काचेच्या बाटल्या, टेफ्लॉन अस्तराच्या झाकणाच्या. प्लास्टिकची बाटली दोन्ही बाजूंनी फसवते: पॉलिकार्बोनेटमधून बिस्फेनॉल-ए पाण्यात उतरते, आणि इतर प्लास्टिकच्या भिंतींवर संप्रेरके चिकटून बसतात.

धुण्याचा क्रम: गरम पाणी, प्रयोगशाळेचा साबण, नळाचे पाणी, शुद्ध पाणी, मग मिथेनॉलने दोनदा. साबण घेताना डब्यावरची घटकांची यादी वाचा. बऱ्याच स्वच्छता द्रव्यांत अल्किलफेनॉल इथॉक्सिलेट असते आणि ते फुटून नोनिलफेनॉल तयार होते. म्हणजे जे शोधायचे त्यानेच बाटली धुतली असे होते. मिथेनॉलनंतर काच ओव्हनमध्ये ४५० अंशांवर चार तास भाजली तर आणखी बरे. मोजमापाचे फ्लास्क मात्र भाजू नका, त्यांचे माप बिघडते.

नमुना घेणाऱ्याच्या हाताकडे नीट पाहा. थर्मल कागदाच्या पावत्यांवर बिस्फेनॉल-ए सुट्टे, पावडरीसारखे बसलेले असू शकते, बांधलेले नसते. टोलची किंवा पेट्रोलपंपाची पावती हातात घेतली, तोच हात बाटलीच्या तोंडाला लागला, की ब्लँकमध्ये शेकडो नॅनोग्रॅम येऊ शकतात. हातावर लावलेले क्रीम, सनस्क्रीन, संप्रेरकाचे मलम यांचेही तेच. नियम साधा ठेवा: जागेवर पोहोचल्यावर नवे नायट्राइल हातमोजे, प्रत्येक ठिकाणी नवी जोडी, आणि हातमोजा घातल्यावर मोबाइलला हात नाही. नोंदी दुसऱ्या माणसाने लिहाव्यात.

फील्ड ब्लँक म्हणजे शुद्ध पाण्याने भरलेली बाटली. ती सोबत न्यायची, जागेवर उघडायची, दुसऱ्या बाटलीत ओतायची आणि बाकी नमुन्यांसारखीच वागवायची. नवे लोक ही बाटली गाडीतच ठेवून परत आणतात. न उघडलेली बाटली फक्त प्रवासाची साक्ष देते. हवा, हात आणि बरणी यांची नाही.

जपणूक आणि गाळणे

इस्ट्राडायोल जिवंत सांडपाण्यात टिकत नाही. जिवाणू त्याचे इस्ट्रोन करतात, आणि मे महिन्यात घोडबंदर रोडला अडकलेल्या गाडीत ते काम फार वेगाने चालते. थर्माकोलच्या पेटीत बर्फाचा चुरा बाटलीच्या खांद्यापर्यंत हवा. तळाशी टाकलेले दोन जेलपॅक पुरत नाहीत.

क्लोरीन असलेल्या नमुन्यासाठी बाटलीत आधीच ५० मिग्रॅ ॲस्कॉर्बिक आम्ल टाकून ठेवा. सोडियम थायोसल्फेटही क्लोरीन मारते, पण नंतर नमुना आम्लधर्मी करायचा असेल तर ते नको. आम्लात थायोसल्फेट फुटून गंधकाचा बारीक पांढुरका गढूळपणा येतो आणि कार्ट्रिज (पाण्यातली रसायने धरून ठेवणारी छोटी नळी) तुंबते. ही चूक नव्या लोकांकडून नेहमी होते आणि दोष कार्ट्रिजला दिला जातो.

प्रयोगशाळेत आल्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ३ करा. काही पद्धतींत सोडियम अझाइड सुचवले जाते. आम्ही नव्या लोकांना ते देत नाही. ते स्वतः विषारी आहे, आम्लात पडले तर विषारी वायू सुटतो, आणि बेसिनमध्ये ओतले तर तांबे-शिशाच्या जोडांवर स्फोटक क्षार बनतात.

त्याच दिवशी ग्लास फायबरच्या ०.७ मायक्रॉन फिल्टरमधून गाळा. फिल्टर आधी ४५० अंशांवर भाजलेला असावा. नायलॉनचा फिल्टर नको, तो फेनॉल गटाची रसायने धरून ठेवतो. आत येणारे कच्चे पाणी एका फिल्टरमधून जेमतेम १००-१५० मिली जाते, मग बंद. जोर न लावता फिल्टर बदला. वापरलेले फिल्टर फेकू नका. १० मिली मिथेनॉलमध्ये १५ मिनिटे अल्ट्रासोनिक, असे दोनदा केले की कणांवर बसलेला हिस्सा निघतो. तो वेगळा मोजायचा. हे जमणार नसेल तर अहवालात 'फक्त विरघळलेला भाग' असे शब्द हवेत.

गाळल्यावर लगेच, कार्ट्रिजच्या आधी, अंतर्गत प्रमाण (तुलनेसाठी ठरलेल्या मात्रेत घालायचे रसायन) घाला: प्रत्येक नमुन्यात समस्थानिक-चिन्हांकित (जड अणूंमुळे वेगळे ओळखता येणाऱ्या) संप्रेरकाचे १० नॅनोग्रॅम. मिलीला १०० नॅनोग्रॅमचे द्रावण असेल तर १०० मायक्रोलिटर. यापुढे जे काही वाया जाईल ते नमुन्यातल्या आणि घातलेल्या अशा दोन्ही संप्रेरकांचे सारखेच वाया जाते आणि गुणोत्तर टिकते. परवडत असेल तर कार्बन-१३ चे घ्या. ड्यूटेरियमवाल्या इस्ट्रोनमधील काही अणू अल्कधर्मी द्रावणात निसटतात. बिस्फेनॉल-ए डी-१६ चे ओएच गटांवरचे दोन ड्यूटेरियम तर साध्या पाण्यातच सुटतात, म्हणून त्याचा आयन उपकरणात २४१ वर शोधावा लागतो.

प्रमाणित रसायने पावडरीत न घेता ॲम्प्यूलमधील तयार द्रावणात घ्या. इस्ट्राडायोलची पावडर तोलताना उडते. ती तोलणाऱ्याच्या अंगात जाते आणि वजनकाट्याजवळच्या प्रत्येक वस्तूवर बसते. एकदा तसे झाले की पुढचे कित्येक आठवडे ब्लँक स्वच्छ येत नाही.

कार्ट्रिजवर साठवणे

एचएलबी कार्ट्रिज, २०० मिग्रॅ, ६ मिली. प्रक्रिया केलेले पाणी ५०० मिली घ्या, कच्चे १०० मिली.

१. कार्ट्रिजमधून ५ मिली मिथेनॉल, मग पीएच ३ चे ५ मिली शुद्ध पाणी. पातळी फ्रिटच्या (कार्ट्रिजमधली सच्छिद्र चकती) वर असतानाच नमुना सुरू करा.

२. नमुना मिनिटाला ५ मिली वेगाने जाऊ द्या, म्हणजे सेकंदाला दीड-दोन थेंब. ५०० मिलीला १०० मिनिटे लागतात. व्हॅक्यूम वाढवून अर्ध्या तासात उरकले की संप्रेरके धरली जाण्याआधीच पुढे निघून जातात.

३. ५ टक्के मिथेनॉल असलेल्या ५ मिली पाण्याने धुवा. खाडीच्या नमुन्यात मीठ असते, तेव्हा हे दोनदा.

४. व्हॅक्यूमवर किमान ३० मिनिटे सुकवा.

५. कोरड्या कार्ट्रिजवर ४ मिली मिथेनॉल टाका, दोन-तीन मिनिटे मुरू द्या, मग थेंब-थेंब काचेच्या नळीत उतरवा. पुन्हा ४ मिली.

६. ४० अंशांवर नायट्रोजनच्या मंद झोताखाली आटवा. पृष्ठभागावर फक्त हलकी खळी पडावी, थेंब उडू नयेत. नोनिलफेनॉल मोजायचे असेल तर पूर्ण कोरडे करू नका, ते उडून जाते. शेवटचे काही थेंब राहू द्या.

७. मिथेनॉल आणि पाणी निम्मे-निम्मे, अशा द्रावणाने एकूण ०.५ मिली करा. गढूळ दिसले तर सेंट्रिफ्यूज करा, सिरिंज फिल्टर टाळा.

यातली चौथी पायरी पावसाळ्यात दगा देते. हवेत दमटपणा एवढा असतो की अर्ध्या तासाने कार्ट्रिज वरून कोरडे दिसते पण आत पाणी असते. ते पाणी मिथेनॉलसोबत उतरते आणि मग नळी आटता आटत नाही: वर मिथेनॉल उडून गेलेले, खाली अर्धा मिली पाणी तसेच. ओळखायची खूण हातात आहे. कार्ट्रिजची नळी दोन बोटांत धरा. आत पाणी उडत असेल तोवर ती गार लागते. खोलीच्या हवेइतकी झाली की सुकली. पावसाळ्यात खोलीच्या हवेऐवजी वरून नायट्रोजन सोडा.

उपकरणावर

ट्रिपल क्वाड्रुपोल एलसी-एमएस/एमएस, इलेक्ट्रोस्प्रे, निगेटिव्ह मोड (ऋण आयन मोजणारा). सी-१८ कॉलम १०० × २.१ मिमी, तापमान ४० अंश, प्रवाह मिनिटाला ०.३ मिली. पाण्याच्या बाजूला ०.२ मिलिमोलर अमोनियम फ्लोराइड, दुसऱ्या बाजूला मिथेनॉल. ३० टक्के मिथेनॉलपासून १० मिनिटांत ९५ टक्के, तीन मिनिटे तिथेच, मग परत.

औषध कंपनीतून आलेले लोक सवयीने फॉर्मिक आम्ल घालतात. निगेटिव्ह मोडमध्ये इस्ट्रोजेनला प्रोटॉन सोडायचा असतो. आम्ल त्याला अडवते आणि सिग्नल बसतो. फ्लोराइड उलट मदत करते.

आयनांच्या जोड्या (मूळ आयनाचे वस्तुमान ते तुकड्याचे), आधी मोजायची, मग खात्रीची:

इस्ट्रोन: २६९ ते १४५, २६९ ते १४३
इस्ट्राडायोल: २७१ ते १४५, २७१ ते १८३
इस्ट्रायोल: २८७ ते १७१, २८७ ते १४५
इथिनिलइस्ट्राडायोल: २९५ ते १४५, २९५ ते १५९
बिस्फेनॉल-ए: २२७ ते २१२, २२७ ते १३३
नोनिलफेनॉल, बाजारातील फांद्यांचे मिश्रण: २१९ ते १३३

शेवटच्याबद्दल सावध राहा. सरळ साखळीचे ४-एन-नोनिलफेनॉल प्रमाण म्हणून मिळते, पण ते १०६ चा तुकडा देते. पर्यावरणात असते ते फांद्यांचे मिश्रण. सरळ साखळीवर कॅलिब्रेशन करून १०६ वर शोधले तर भरपूर नोनिलफेनॉल असलेल्या पाण्यातही शून्य येते.

पीक (आलेखावरचे शिखर) मान्य करायच्या दोन अटी: धारणवेळ (कॉलममधून बाहेर पडायला लागणारा वेळ) प्रमाणापासून ०.१ मिनिटाच्या आत, आणि दोन जोड्यांचे गुणोत्तर प्रमाणाच्या ३० टक्क्यांच्या आत. दोन्ही हव्यात. कच्च्या पाण्यात २७१ ते १४५ वर चुकीच्या जागी देखणी पीक येते आणि नवा माणूस तिच्या मोहात पडतो.

बिस्फेनॉल-ए उपकरणाच्या नळ्यांतून आणि सॉल्व्हंटमधूनही झिरपते. मिक्सर आणि इंजेक्टर यांच्यामध्ये एक जुना सी-१८ कॉलम बसवा. उपकरणातून आलेले बिस्फेनॉल त्यात अडकून उशिरा निघते आणि नमुन्याचे वेळेवर, त्यामुळे दोन पीक वेगळ्या दिसतात.

या पद्धतीने इस्ट्रोन, इस्ट्राडायोल, इथिनिलइस्ट्राडायोल लिटरला साधारण १ नॅनोग्रॅमच्या आसपास नीट मोजता येतात. त्याखाली जायचे तर डान्सिल क्लोराइडची जोड द्यावी लागते. अर्क पूर्ण सुकवून १०० मायक्रोलिटर सोडियम बायकार्बोनेट बफर, १०० मिलिमोलर, पीएच १०.५; त्यात ॲसिटोनमधील डान्सिल क्लोराइड, मिलीला १ मिग्रॅ, १०० मायक्रोलिटर; ६० अंशांवर पाच मिनिटे. मग पॉझिटिव्ह मोड, आणि इथे फॉर्मिक आम्ल चालते. इस्ट्रोन ५०४, इस्ट्राडायोल ५०६, इथिनिलइस्ट्राडायोल ५३०, तिघांचाही तुकडा १७१. सिग्नल कितीतरी पटींनी वाढतो. पण १७१ हा तुकडा डान्सिलचा आहे, संप्रेरकाचा नाही. त्याच वस्तुमानाचे कुठलेही फेनॉल तोच तुकडा देईल. म्हणून इथे धारणवेळ आणि चिन्हांकित प्रमाण यांवर दुप्पट कडक राहावे.

आकडा कसा काढायचा

कॅलिब्रेशन मिलीला ०.५, १, २, ५, १०, २०, ५० नॅनोग्रॅम. प्रत्येकात चिन्हांकित प्रमाण मिलीला २० नॅनोग्रॅम, कारण नमुन्यातले १० नॅनोग्रॅम शेवटी ०.५ मिलीत येतात.

समजा प्रक्रिया केलेल्या पाण्याच्या अर्कात इस्ट्रोन मिलीला ७.२ नॅनोग्रॅम आले. अर्क ०.५ मिली, म्हणजे एकूण ३.६ नॅनोग्रॅम. ते ५०० मिली पाण्यातून आले, म्हणजे लिटरला ७.२. कच्चे पाणी १०० मिली घेतले असेल तर तोच अर्क लिटरला ३६ दाखवतो; हा गुणक विसरून दोन्ही ओळी एकाच पटीने भरल्या की केंद्राची कार्यक्षमता उगाच घसरलेली दिसते.

आता त्याच पाण्याच्या दुसऱ्या ५०० मिलीत ५ नॅनोग्रॅम इस्ट्रोन मुद्दाम घाला, म्हणजे लिटरला १० ची भर. वाचन १६.३ आले. १६.३ वजा ७.२ म्हणजे ९.१, म्हणजे ९१ टक्के परतावा. ७० ते १२० मध्ये असेल तर पुढे जा.

तिसरी गोष्ट लोक बघत नाहीत: चिन्हांकित प्रमाणाच्या पीकचे निव्वळ क्षेत्रफळ. शुद्ध द्रावणात ८४,००० आणि नमुन्यात ५०,४०० असेल तर ६० टक्के सिग्नल उरला. कच्च्या पाण्यात हा आकडा २० टक्क्यांपर्यंत घसरू शकतो, कारण सोबत आलेली चरबी, साबण आणि ह्यूमिक द्रव्ये (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतली) आयन बनण्याची जागा अडवतात. गुणोत्तरामुळे उत्तर बरोबरच दिसते, पण पीक पार्श्वभूमीच्या खळबळीत (नॉइज) बुडत चाललेली असते. ३० टक्क्यांखाली गेले तर नमुना कमी घ्या, जास्त नाही. ५०० मिलीऐवजी २०० मिली घेतल्यावर पीक मोठी झालेली पाहून नव्यांना आश्चर्य वाटते.

दर दहा नमुन्यांमागे एक फील्ड ब्लँक, एक प्रयोगशाळेचा ब्लँक, एक भर घातलेला, एक जोडनमुना (त्याच पाण्याचा दुसरा नमुना). ब्लँकचा आकडा नमुन्यातून वजा करून टाकणे आम्हाला पटत नाही. तो शेजारी छापा. नमुना ब्लँकच्या तिपटीहून कमी असेल तर त्याला मोजलेला आकडा म्हणू नका. बिस्फेनॉल-ए च्या बाबतीत सुरुवातीचे काही महिने फक्त ब्लँक खाली आणण्यातच जातील. तेवढा वेळ धरूनच कामाला लागा.

एलसी-एमएस नसेल तर

एलायझा (प्रतिपिंडांवर चालणारी चाचणी) किट छोट्या महाविद्यालयाला परवडते आणि नमुन्यांची क्रमवारी लावायला चालते. पण प्रतिपिंड जवळच्या संप्रेरकांनाही धरतात आणि ह्यूमिक द्रव्यांमुळे खोटे जास्त आकडे येतात. त्यावरून रसायनाचे नाव घेऊन दावा करू नये.

यीस्टची चाचणी वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते: हे पाणी एकूण किती इस्ट्रोजेनसारखे वागते. यीस्टच्या पेशीत मानवी इस्ट्रोजेन ग्राहक बसवलेला असतो. इस्ट्रोजेन मिळाले की पेशी एक विकर बनवते आणि पिवळा रंग लाल होतो. आयएसओ १९०४० ही मानक मालिका २०१८ ची आहे. उत्तर 'इस्ट्राडायोल-समतुल्य नॅनोग्रॅम' असे येते. कच्चे सांडपाणी यीस्टलाच मारते, मग रंग येत नाही आणि पाणी स्वच्छ वाटते. म्हणून रंगासोबत ६२० नॅनोमीटरवर गढूळपणाही मोजा. वाढ खुंटलेली असेल तर प्लेटमधला तो कप्पा बाद करा आणि नमुना आणखी पातळ करून पुन्हा लावा.

आकडे वाचताना

बाहेर पडणाऱ्या पाण्यात इस्ट्राडायोल जवळजवळ नाही पण इस्ट्रोन भरपूर, असे दिसले तर चाचणी चुकली असे लगेच समजू नका. हवेच्या टाकीत इस्ट्राडायोलचे इस्ट्रोन होते. कधीकधी इस्ट्रोन आत येताना कमी आणि बाहेर पडताना जास्तही दिसते. शरीर संप्रेरकाला ग्लुकुरोनाइड किंवा सल्फेटची जोड देऊन बाहेर टाकते. ग्लुकुरोनाइड गटारातच ई. कोलायच्या विकराने तुटते, सल्फेट मात्र चिवट असते आणि पुढे केंद्रात तुटते. जोडलेली रूपे आपण मोजत नाही, म्हणून सुटलेले संप्रेरक नव्याने आल्यासारखे दिसते.

बाहेरच्या प्रयोगशाळेला नमुने द्यायचे असतील तर पैसे भरण्याआधी चार गोष्टी लेखी मागा: प्रत्येक रसायनाची मोजमाप-मर्यादा नॅनोग्रॅम प्रति लिटरमध्ये, मागच्या बॅचचे ब्लँक, सांडपाण्यातला परतावा, आणि चिन्हांकित प्रमाण वापरतात का. अहवालात नुसते 'बीडीएल' (मोजमाप-मर्यादेखाली) लिहून आले तर तो परत पाठवा. ज्या प्रयोगशाळेची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे, तिच्या 'बीडीएल'मध्ये ९०० नॅनोग्रॅम इथिनिलइस्ट्राडायोलही बसते. ओळ अशी हवी: 'इथिनिलइस्ट्राडायोल, विरघळलेला भाग, लिटरला ०.८ नॅनोग्रॅमपेक्षा कमी. फील्ड ब्लँकमध्ये आढळले नाही. परतावा ८८ टक्के. डिकँटच्या मधल्या वेळेतील नमुना, क्लोरीनपूर्व.' उरलेला अर्क तपकिरी व्हायलमध्ये उणे २० अंशांवर ठेवून द्या, म्हणजे शंका आली तर तोच पुन्हा लावता येतो.